‘चार्ज’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ

एका उपदेशक बंधूंनी आम्हांस विचारिले आहे की, इंग्रजी शास्त्र वाचताना ‘चार्ज’ हा शब्द वारंवार आढळतो, आणि कोशात पाहू जावे तर त्याखाली अर्थांची अशी लांब रांग लागलेली असते की, त्यांतून कोणता घ्यावा हे कळत नाही. तरी याचा उलगडा करावा. प्रश्न चांगला आहे. शिवाय हा शब्द आता केवळ इंग्रजी शिकलेल्यांचा राहिलेला नाही. मोबाईल चार्जिंगला लाविला, शाळेचा चार्ज नव्या गुरुजींनी घेतला, मोर्चावर लाठीचार्ज झाला, झेरॉक्सचा चार्ज वाढला, अमक्यावर चार्जशीट गेले, ही सर्व वाक्ये आपल्या खेड्यांत एकाच सकाळी ऐकू येतात. बोलणाऱ्यास वाटते, आपण एक शब्द पाच वेळा बोललो. वस्तुतः तो पाच निराळ्या गोष्टी बोललेला असतो.

या शब्दाचे मूळ एका गाडीत आहे. प्राचीन गॉल लोकांच्या भाषेतून रोमी लोकांनी चाकांच्या गाडीचे नाव उचलिले व त्यास लातीन भाषेत ‘कार्रुस’ म्हटले. त्यावरून गाडीत माल भरणे या अर्थाचे क्रियापद झाले. ते फ्रेंच भाषेत गेले, आणि नॉर्मन लोकांनी १०६६ साली इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंचांचे शेकडो शब्द इंग्रजीत आले त्यांत हेही आले. रस्त्यावरून धावणारी ‘कार’ आणि जहाजातील ‘कार्गो’ ही दोन्ही याच घराण्यातील भावंडे होत. तेव्हा ‘चार्ज’ याचा मूळ अर्थ एकच, ओझे लादणे. बैलगाडीत पोती भरिताना ज्याने पाहिले आहे त्याला हा शब्द अर्धा समजला असे आम्ही म्हणू.

आता एक एक पोते उतरून पाहू. कामाचे ओझे कोणाकडे सोपविले तर तो अधिकार अथवा सांभाळ झाला. मेथडिस्ट मंडळ्यांत पाळकाकडे सोपविलेल्या मंडळीसही चार्ज म्हणतात. अपराधाचे ओझे कोणाच्या माथी ठेविले तर तो आरोप. पैशाचे ओझे ठेविले तर आकार किंवा शुल्क. कर्तव्याचे ओझे गंभीरपणे ठेविले तर ती ताकीद. तोफेत दारू ठासणे हेही भरणेच; आणि अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिन आदिकरून विद्वान काचेच्या बरणीत वीज साठविण्याचे प्रयोग करू लागले, तेव्हा त्यांनी त्या भरण्यासही हाच शब्द लाविला. मोबाईलचे चार्जिंग त्या बरणीचे वारस आहे. हल्ला हा अर्थ मात्र जरा दूरच्या फांदीवर आहे. सगळे वजन घेऊन शत्रूच्या अंगावर जाऊन पडणे, असे समजल्यास तोही गाडीपासून फार लांब नाही. ‘लाठीचार्ज’ हा तर देशी काठीस विलायती शेपूट लावून झालेला शब्द आहे. ‘लाठीमार’ म्हटल्याने काही कमी पडत नाही.

आमच्या उपदेशक बंधूंस एक उत्तम पाठ सांगतो. इ. स. १६११ मध्ये छापलेले जुने इंग्रजी भाषांतर घ्यावे व त्यांतील प्रेषितांची कृत्ये हे एकच पुस्तक उघडावे. सातव्या अध्यायाच्या शेवटी स्तेफन मरताना आपल्या मारणाऱ्यांविषयी जी विनंती करितो तीत हा शब्द आहे. तेथे तो पापाचा दोष. लगेच आठव्या अध्यायात कांदके राणीचा अंमलदार भेटतो. तिच्या सर्व खजिन्याचा चार्ज त्याजकडे होता, म्हणजे येथे विश्वासाने सोपविलेले काम. सोळाव्यात फिलिप्पैच्या बंदिशाळेच्या नायकास जो चार्ज मिळतो तो कडक हुकूम होय. एकविसाव्यात पौलाने चार माणसांचे चार्ज सोसावे असे सुचविले जाते, म्हणजे त्यांचा खर्च द्यावा. आणि तेविसाव्यात सरदार सुभेदारास लिहितो की, या मनुष्यावर मरणास योग्य असा आरोप नाही. तेथेही शब्द तोच. एका पुस्तकात पाच अर्थ! मराठी भाषांतरकारांनी प्रसंग पाहून ठिकठिकाणी निराळे शब्द घातले आहेत. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली तर कोशापेक्षा अधिक लाभ होईल. ओझे कोणी, कोणावर, कशाचे ठेविले एवढे विचारीत गेले की अर्थ बहुधा आपण होऊन सापडतो.

इंग्रजीत याचे सोबतीही पुष्कळ आहेत, परंतु ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. वस्तूचे मोल ते ‘प्राइस’, वैद्य वा वकील यांस द्यावयाची ती ‘फी’, एस.टी.चे भाडे ते ‘फेअर’. सेवेबद्दल जे मागितले जाते ते ‘चार्ज’. आपल्या मराठीतही मोल, भाडे, शुल्क, दर हे शब्द असेच आपापली जागा राखून आहेत. वीजबिलावर ‘स्थिर आकार’, ‘वहन आकार’ असे छापलेले असते. पुष्कळांस वाटते की ही कसलीशी आकृती आहे. तो आकार म्हणजे आकारलेली रक्कम, दुसरे काही नाही.

मौजेची गोष्ट ही की, मराठीही इंग्रजीसारखीच त्याच वाटेने चालली आहे. भार म्हणजे ओझे. त्यावरून कार्यभार, पदभार, अधिभार. कचेरीतील ‘प्रभारी’ अधिकारी आणि शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातील ‘विद्युत प्रभार’ यांत शब्द एकच आहे. ‘आरोप’ याचाही मूळ अर्थ वर ठेवणे, रोविणे असा असून ‘वृक्षारोपण’ यात तोच आहे. रोप जमिनीत लाविले म्हणून ते जगेलच असे नसते, हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही.

आरोपाचे मात्र आम्हांलाच सांगावे लागले. आमच्या एका खेड्यातील मंडळीचे एक वडील दानपेटीचा हिशेब ठेवीत असत. २०१९ साली बांधावरून झालेल्या मारामारीत सात जणांची नावे गेली, त्यांत त्यांचेही होते. पुढे चार्जशीट दाखल झाल्याचे कळले, आणि मंडळीत असे पसरले की गुन्हा ठरला. आम्हीही त्यांस बोलावून हिशेबाची वही व पेटीची किल्ली परत मागितली. एका चार्जावरून दुसरा चार्ज काढून घेतला! त्यांनी एवढेच म्हटले की, पाळकसाहेब, त्या दिवशी मी तालुक्याच्या दवाखान्यात होतो. आम्ही ते ऐकिले, पण वही ठेवून घेतली.

वाचकांनी हा क्रम नीट ध्यानात ठेवावा. प्रथम फिर्याद अथवा खबर. मग पोलिसांचा तपास. मग पोलिसांनी न्यायालयास दिलेला अहवाल. यासच लोक चार्जशीट अथवा दोषारोपपत्र म्हणतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ च्या मथळ्यात त्यास पोलीस अधिकाऱ्याचा अहवाल असेच म्हटले आहे. तो पोलिसांचा शब्द आहे, न्यायाधीशाचा नव्हे. मोठ्या अपराधांत न्यायाधीश कागद पाहून आरोप ठेवितो व आरोपीस तो वाचून समजावून सांगतो. आधार नसेल तर तेथेच त्यास सोडितो. आरोप ठेविल्यावरही साक्षीपुरावा राहतो, व निकाल अखेरीस. चार्जशीट गेले म्हणजे अर्धी वाटसुद्धा झालेली नसते.

२०२१ साली न्यायालयाने त्या वडिलांस साक्षीपुराव्यापूर्वीच आरोपातून वगळिले. वकिलाने फोनवर ‘डिस्चार्ज झाला’ असे कळविले, म्हणजे ओझे उतरले, ते ऐकून मंडळीतील एका आजीबाईंनी विचारिले, “कोणत्या दवाखान्यातून?” तिला हसणाऱ्यांपैकी कोणासही दोन वर्षांपूर्वी ‘चार्जशीट’ याचा अर्थ तिच्याहून अधिक कळला नव्हता, आम्हांसही नाही. त्या रविवारी आम्ही सर्वांसमक्ष त्यांची क्षमा मागितली व वही आणि किल्ली पुढे केली. वही त्यांनी घेतली. किल्ली नको म्हणाले. ती अद्याप आमच्याच मेजाच्या खणात आहे.