आधी हात आवर

अगं, ओपनिंग तुझे सर पाठ करून घेतात, त्यात मी नाक खुपसत नाही. माझं म्हणणं हाताबद्दल आहे. तुझ्या वयाची पोरं डोक्यानं कमी आणि हातानं जास्त हरतात.

उद्या बुद्धिबळाच्या स्पर्धेला जाताना निगडीहून बसमध्ये बसलीस की मोबाइलवर ब्लिट्झ काढायचं नाही. हाताला घाईची चटक लागते. फोन हॉलच्या दाराशीच माझ्याकडे दे. खिशात सापडला तर डाव जातो.

शिवलं ते चालवायचं, समोरच्याचं शिवलं तर मारायचं. म्हणून चाल ठरेपर्यंत हात मांडीखाली. मोहरं चौकटीत नीट ठेवायचं असेल तर तुझ्याच पाळीत, आधी ‘अ‍ॅडजस्ट’ म्हणून. कॅसलिंगला पहिला हात राजाला, आणि एकाच हातानं. आधी हत्ती धरलास तर हत्तीच हलवावा लागेल. प्यादं शेवटच्या घरात पोचलं आणि दुसरा वजीर टेबलावर नसला, तर घड्याळ थांबवून पंचांकडे माग. हत्ती उलटा ठेवून ‘हा वजीर’ म्हणणं घरी गच्चीवर चालतं. तिथे तो हत्तीच धरतात, तोंड कितीही वर कर!

ज्या हातानं चाल केलीस, घड्याळ त्याच हातानं दाबायचं. समोरच्यानं नियमबाह्य चाल केली तर भांडू नकोस. घड्याळ थांबव, पंचांना बोलाव. क्लासिकलला तुला दोन मिनिटं वाढवून मिळतात. आमच्या वेळी आधी चाल लिहून मग खेळायची शिस्त होती, विचाराला तेवढीच उसंत मिळायची. आता त्याला मनाई आहे. मला ते पटत नाही, पण तू खेळूनच लिही.

समोरची मोठी दिसली, रेटिंग जास्त असलं, की तुम्ही लगेच बरोबरी मागता. २०२५ च्या जुलैत बटुमीला महिला विश्वचषकाची फायनल झाली. आपल्या नागपूरची दिव्या देशमुख १९ वर्षांची, समोर कोनेरू हम्पी, वय ३८. दोन क्लासिकल डाव बरोबरीत, पहिला रॅपिडही बरोबरीत. दुसऱ्या रॅपिडला काळी मोहरी घेऊन पोरगी जिंकली. तेव्हा बरोबरी कुणी देऊ केली, तर ‘हिला आत्ताच का हवी?’ हे पटावर बघ, मग बोल. तुला द्यायची असेल तर आधी चाल, मग विचारणा, मग घड्याळ.

हरलीस तरी स्विस लीगमधून कुणी बाहेर काढत नाही. पुढची जोडी साधारण तेवढ्याच गुणांची मिळते. हात मिळव, निकाल बरोबर लिहिलाय ना ते बघून सही कर आणि सरळ डब्याकडे ये. त्या डावाचं पोस्टमॉर्टेम रात्री.