‘अवलंबून’ आणि ‘विसंबून’

आमच्या ओळखीचे एक वृद्ध गृहस्थ परवां म्हणाले, “आमचं काय, आतां पोरांवर अवलंबून!” बोलतांना त्यांची मान खालीं गेली. मान खालीं जावी असें या शब्दांत कांहीं आहे का, तें पाहूं.

संस्कृतांत ‘लम्ब्’ म्हणजे लोंबणें. ‘अवलंबणें’ म्हणजे एखाद्याला धरून राहणें. वेल मांडव धरून चढतो, तसें. “पीक पावसावर अवलंबून” असें आपण सहज म्हणतों. त्यांत पिकाची नालस्ती नाहीं. ‘मदार’ हा शब्द मूळ अरबी. ज्याभोंवतीं फिरायचें तो आंस. “सगळी मदार थोरल्यावर” म्हणजे घर त्याच्याभोंवतीं फिरतें.

‘विसंबणें’ मात्र दुहेरी आहे. जुन्या मराठींत त्याचा अर्थ विसरणें, दूर करणें. आई तान्ह्याला क्षणभर विसंबत नाहीं, तो हा अर्थ. आज “त्याच्यावर विसंबूं नका” म्हणजे त्याच्या भरंवशावर स्वस्थ बसूं नका. दोन्हीकडे मनांतून सोडणें आहेच.

तेव्हां अवलंबण्यांत धरणें आहे, विसंबण्यांत सोडणें. म्हाताऱ्यानें मुलाचा हात धरला तर लाज कसली? मुलगाहि चालायला शिकला तो याच हाताला धरून. हातपाय चालत आहेत तोंवर बापानें मुलावर आजच्या अर्थानें विसंबूं नये. आणि मुलानें बापाला जुन्या अर्थानें कधींच विसंबूं नये. एवढें दोघांनीं सांभाळलें, तर ‘अवलंबून’ म्हणतांना कोणाची मान खालीं जायला नको.