खदान संघटनेचा अध्यक्ष बदलला, पुढे काय?

प्रश्न : आमच्या गिट्टी खदान व क्रशरचालकांच्या नोंदणीकृत संघटनेत नवा अध्यक्ष निवडला. आधी कोणती कामे हाती घ्यावीत?
– एक पट्टेधारक, हिंगणी (जि. वर्धा)

उत्तर : हार-तुरे झाले की आधी कागद पूर्ण करा. सोसायटी म्हणून नोंदलेली संघटना सहसा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 खाली येते. कलम 22 नुसार कार्यकारिणीतील बदलाचा अर्ज 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. सभेची नोटीस, हजेरीपट, ठरावाची प्रत आणि मावळत्या अध्यक्षांनी राजीनामा दिला असल्यास तोही सोबत हवा. याच कागदांवाचून वाद वर्षानुवर्षे रेंगाळतात.

खरी कसोटी पुढे आहे. तुमच्या गावाशेजारी बोर अभयारण्य आहे. 2014 पासून तो व्याघ्रप्रकल्पही आहे. सर्वोच्च न्यायालयाने 26 एप्रिल 2023 च्या आदेशात अभयारण्याच्या हद्दीपासून एक किलोमीटरपर्यंत खाणकामाची मनाई कायम ठेवली. वाघांची ये-जा गावाच्या वेशीपर्यंत असताना ही मनाई मला रास्त वाटते. नव्या अध्यक्षांनी पट्ट्यांच्या मुदतवाढीसाठी मुंबईच्या खेपा घालण्याआधी प्रत्येक सभासदाच्या गटाचे हद्दीपासूनचे अंतर भूमी अभिलेख व वनखात्याकडून मोजून घ्यावे. पाच हेक्टरांखालच्या पट्ट्यालाही पर्यावरण मंजुरी लागते, हे विसरू नका.