आजोबांचा सॅक्सोफोन 1914 सालचा आहे का?

प्रश्न : आमचे आजोबा वसईत लग्नाच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचे. परवा माळ्यावरून त्यांची पेटी खाली काढली. वाद्य काळपट पडलंय, पण चाव्या हलतात. कर्ण्यावर चौकटीत एका बाईचा चेहरा आणि 'कॉन, एल्कहार्ट' असं नाव कोरलंय. मागे 'पेटंट, 8 डिसेंबर 1914' असा शिक्का आहे. म्हणजे वाद्याने शंभरी ओलांडली ना? जुन्या वस्तूंचा एक व्यापारी 'आजच रोख देतो' म्हणून मागे लागलाय. घासूनपुसून लखलखीत केलं तर जास्त पैसे येतील का? (एक वाचक, वसई)

उत्तर : आधी हातातलं फडकं आणि पितांबरीचा डबा बाजूला ठेवा. घासण्याचं पुढे बोलू. आधी 1914चा घोळ निस्तरू, कारण जुना कॉन हाती आलेले बरेच जण त्यात फसतात.

सॅक्सोफोनच्या नळीवर स्वरांची भोकं असतात. त्यांच्या कडा वेगळ्या डकवण्याऐवजी नळीच्याच पत्र्यातून ओढून वर काढण्याची एक पद्धत निघाली. 8 डिसेंबर 1914 ही तिच्या पेटंटची तारीख. अमेरिकेतल्या एल्कहार्टची कॉन कंपनी पुढे कितीतरी वर्षं ती आपल्या सॅक्सोफोनवर ठोकत राहिली.

वय कळतं ते अनुक्रमांकावरून. पाठीमागे, उजव्या अंगठ्याच्या हुकाच्या आसपास 'एम' हे अक्षर आणि पुढे आकडा दिसेल. 2,40,000च्या आसपासचा आकडा म्हणजे 1930च्या दशकाची सुरुवात आणि 2,90,000च्या आसपासचा म्हणजे त्याच दशकाची अखेर. हे हिशेब अदमासाचे आहेत, वर्ष-दोन वर्षं इकडेतिकडे धरायची. जवळच 'ए' असेल तर वाद्य आल्टो, म्हणजे मध्यम आकाराचा सॅक्सोफोन. चौकटीतल्या बाईचा चेहरा मिरवणारा आल्टो म्हणजे कॉनचा 6 एम, तो साधारण 1935पासूनचा. म्हणजे तुमचं वाद्य शंभरीच्या अलीकडचं आहे. पण नाराज होऊ नका, 6 एम हा कॉनच्या उत्तम आल्टोंपैकी एक मानतात. जॅझचा नामवंत सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर यानेही तो वाजवला आहे.

आकड्याखाली 'एल' असेल तर ती खालची पट्टी, म्हणजे आजचीच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बँडसाठी उंच पट्टीचेही सॅक्सोफोन बनत. तसा एखादा कुणाच्या घरी निघाला, तर तो आजच्या कीबोर्डबरोबर सुरात लागणार नाही, मुखनळी कितीही मागेपुढे करा. असं वाद्य शोभेला ठेवावं.

आता दर्जा. रात्री खोलीतले दिवे मालवा आणि नाताळच्या गोठ्याला लावतो तसली बारीक एलईडी माळ नळीत सोडा. मग एकेक चावी अगदी हलक्या बोटाने मिटवा. जोर लावलात तर फटी दबतील आणि परीक्षा फुकट जाईल. पॅडच्या कडेने उजेड झिरपला तर तिथून हवा गळते. इतक्या वर्षांनी ती गळणारच, कारण पॅड चामड्याचे असतात आणि वसईच्या दमट हवेत ते कडक होतात, त्यांना किडे खातात. पॅड बदलता येतात, सोनार वापरतो त्याच लाखेने ते चिकटवतात.

खरी भीती पॅडखालच्या कडांची. तुमच्या कॉनमध्ये त्या बाहेरच्या बाजूला गोल वळवलेल्या असायला हव्यात. कड सपाट करण्याच्या नादात एखाद्या कारागिराने त्यावर कानस फिरवली असेल तर गोलाई जाऊन चपटी, धारदार पट्टी दिसेल. हे नुकसान सहज भरून येत नाही, आणि जाणकार गिऱ्हाईक सगळ्यात आधी तिथेच बघतं.

त्यानंतर मान. मुखनळी जिच्यावर बसते तो वाकडा तुकडा बाजूने उजेडात धरा. वरून दाब पडून ती खाली बसली असेल तर वाकाच्या पोटाशी नळी लंबगोल झालेली किंवा चुण्या पडलेल्या दिसतात. कर्ण्यावरचा पोचा परवडला, मानेवरचा नको. मान मूळचीच आहे ना, हेही तपासून घ्या. 6 एमच्या मानेवर सूर बारीक जुळवायची फिरती कडी असते, ती नसेल तर शंका घ्यायला जागा आहे.

काळपटपणा बहुधा चांदीच्या मुलाम्याचा असेल. मऊ सुती कापडाने एक कोपरा हलकेच पुसा, पांढरट चमक आली तर चांदीच. पावडरीने घासलंत तर पातळ मुलामा आणि त्या बाईचे नाकडोळे दोन्ही जातील. लॅकरच्या, म्हणजे पारदर्शक लेप दिलेल्या वाद्यांचंही तसंच आहे. मूळ लॅकर उडून ठिपके पडलेलं वाद्य, पॉलिश करून नव्याने लॅकर दिलेल्या चकाकत्या वाद्यापेक्षा जास्त किमतीला जातं. कोरीवकामाच्या रेषा बोथट झाल्या असतील तर समजावं, कुणीतरी हात साफ केलाय.

किंमत मात्र वयाने ठरत नाही. पॅरिसच्या सेल्मर कंपनीचा मार्क सिक्स 1954मध्ये आला, तुमच्या वाद्यापेक्षा धाकटा, तरी बाजारात तो 6 एमच्या कितीतरी पुढे. उलट 1920च्या दशकात अमेरिकेत घरोघरी पोचलेला सी मेलडी सॅक्सोफोन जास्त म्हातारा असूनही फारसं कुणी विचारत नाही. त्याच्यासाठी लिहिलेलं संगीत आज कोण वाजवतंय? वाजवणारा मोठा असला तर सगळे नियम गुंडाळून ठेवावे लागतात. पार्करने 1953मध्ये टोरांटोत वाजवलेला ग्राफ्टन चक्क प्लॅस्टिकचा होता. 1994मध्ये लंडनच्या लिलावात तो 93,500 पौंडांना गेला. तुमचे आजोबा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवत असतील आणि या वाद्यासह त्यांचा फोटो असेल, तर तो पेटीतच ठेवा.

व्यापाऱ्याला थांबायला सांगा. सॅक्सोफोन दुरुस्त करणाऱ्याकडून सगळे पॅड, कॉर्क आणि स्प्रिंगा बदलून द्यायचा खर्च लिहून घ्या. वाजतं झालेल्या 6 एमच्या भावातून तो वजा केला की उरेल ती आजची रास्त किंमत. आणि पेटीतली मुखनळी वाद्याबरोबर फुकट देऊन टाकू नका. काळ्या एबोनाइटची असेल तर ती हिरवट दिसेल, तरी गरम पाण्याने धुऊ नका. तिचा भाव वेगळा विचारा.