धावत्या एसटीतून वाचता आली पाहिजे

परवा तू मोबाइल पुढे धरलास आणि म्हणालास, "मामा, ही राहुरीकडच्या रोपवाटिकेची वेबसाइट. कशी झालीये?" मी "छान" म्हणालो. ते खोटं होतं. तुझी मामी तेवढ्यात पोहे घेऊन आली होती आणि गरम पोह्यांसमोर मी वाद घालत नाही. आता सांगतो.

पस्तीस वर्षं पाट्या रंगवल्या मी. कापडबाजार, माळीवाडा, बाहेर मनमाड रोडला पार कोल्हारपर्यंत. पुढे फ्लेक्स आला आणि ब्रश रॉकेलच्या डब्यातच वाळले. पण वस्तादांनी पहिल्या दिवशी कानात सांगितलं होतं ते काही वाळलं नाही. पाटी धावत्या एसटीतून वाचता आली पाहिजे. खिडकीतला माणूस पाटी वाचायला घरून निघालेला नसतो. तो लग्नाला निघालेला असतो, नाहीतर दवाखान्यात, नाहीतर कोर्टात तारखेला. जाता जाता जेवढं डोळ्यात शिरेल तेवढं आपलं. म्हणून आधी काय मिळतं ते, मग दुकानाचं नाव, मग नंबर. मालकाला नेमकं उलटं हवं असतं. देवाचं नाव, वडिलांचा फोटो, स्वतःची पदवी, आणि उरलेल्या कोपऱ्यात 'सिमेंट मिळेल'.

तुझ्या वेबसाइटचंही तेच झालंय. उघडल्या उघडल्या मालक कुणाकडून तरी शाल-श्रीफळ घेताना. मग चार फोटो आपापले सरकतात, एक वाचेपर्यंत दुसरा हजर. मग 'आमच्याविषयी'. रोपं कुठं आहेत गड्या? शेतकऱ्याला विचारायच्या असतात चारच गोष्टी: भगव्या डाळिंबाची रोपं आहेत का, काय भाव, कधी मिळतील, यायचं कसं. ही चार उत्तरं बोटानं पडदा न सरकवता दिसली पाहिजेत. शाल खाली घे. काढू नको, मालक पैसे देणार नाही.

मी नुसतं बोलत नाही. तू गेल्यावर ती वेबसाइट घेऊन स्टँडाजवळच्या टपरीवर गेलो. वांबोरीकडचे एक शेतकरी चहा पीत होते. म्हटलं, पाहुणे, तुमच्या मोबाइलवर जरा हे उघडा आणि रोपवाल्याला फोन लावून दाखवा. अकराचं ऊन, स्क्रीनगार्डला तडा, अंगठ्याला भेगा. त्यांनी मोबाइल छातीशी धरून सावली केली, डोळे बारीक केले. नंबर सापडला शेवटी, अगदी तळाला, पण त्याच्या मागच्या चार आकड्यांवर तुझं ते व्हॉट्सॲपचं हिरवं गोल बटण बसलेलं. ते बाजूला सारायला गेले तर व्हॉट्सॲप उघडलं. परत आले, तर पान पुन्हा वरून सुरू. तिसऱ्या खेपेला मोबाइल खिशात टाकून म्हणाले, "जाऊ द्या, मी जातोच की शनिवारी तिकडं."

त्यांना वेबसाइट कळली नाही असं समजू नको. वेबसाइटला ते कळले नाहीत. पाटी लावण्याआधी मी समोरच्या दुकानातल्या पोऱ्याला बोलवायचो आणि वाचून घ्यायचो, मालकाला कधीच नाही, कारण मालकाला ती पाठ असते. तू म्हणालास ना, डेन्मार्कच्या त्या याकोब नीलसननं २००० सालीच लिहून ठेवलंय की पाच माणसांना वापरायला दिलं तरी बहुतेक चुका बाहेर पडतात? मग पाच माणसं बसव. ऑफिसातली नकोत. त्यांना काम दे, शेजारी बस आणि तोंड बंद ठेव. 'इथं दाबा काका' म्हणालास की परीक्षा संपली. उद्या तू प्रत्येकाच्या मोबाइलशेजारी बसणार नाहीस.

रंगाचं म्हणशील तर एका गिऱ्हाईकानं हट्टानं निळ्यावर लाल अक्षरं करून घेतली होती. संध्याकाळी बोर्ड लावला आणि तो स्वतःच म्हणाला, अक्षरं नाचतायत. तुमची हल्लीची फॅशन त्याच्याही पुढची, पांढऱ्यावर फिकट राखाडी. एसीत बसून शालीन दिसतं, उन्हात कोरा कागद. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडात निदान साडेचारास एक एवढा फरक हवा, असा तुमच्यात नियमच आहे म्हणतात. तो पाळ. फोनचं बटण माझ्या अंगठ्याएवढं कर, आणि त्या नंबराला बोट लावलं की थेट फोन लागू दे. नंबर पाठ करून पुन्हा दाबायला लावणं ही शिक्षा आहे.

आता अक्षरं. इथं मला खरंच राग आला. इंग्रजी अक्षरं सुटी सुटी ठेवली की रुबाबदार दिसतात, म्हणून तू तीच खोड मराठीला लावलीस. 'रोपवाटिका'ची शिरोरेखा तुटली आणि यार्डात पाच डबे सुटे उभे असावेत तसं दिसायला लागलं. मराठी शब्द शिरोरेखेला टांगलेला असतो, त्यात फट पाडायची नाही. दुसरं, ओळी दाटीनं बसवल्यास. 'मूर्ती' लिहून बघ. वर वेलांटी, तिच्यावर रफार, खाली दीर्घ उकार. इंग्रजी अक्षराला एवढा वर-खाली संसार नसतो. पत्र्यावर दोरी मारताना मी दोन ओळींत ब्रशभर जागा जास्त सोडायचो, नाहीतर वरच्याचा उकार खालच्याच्या मात्रेत पाय घालतो. अक्षराच्या उंचीच्या दीडपट ओळ धर, जास्त झाली तरी कुणी रागावणार नाही.

आणि ते दरपत्रक! मालकाच्या पोरानं जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये केलेलं, वेबसाइटवर टाकल्यावर अक्षरांची खिचडी झाली, म्हणून तू त्याचा फोटोच चिकटवलास. आता ते वाचायला दोन बोटांनी ताणावं लागतं, गुगलला दिसत नाही, आणि ज्याला दिसत नाही त्याचा मोबाइल ते बोलूनही दाखवू शकत नाही. एकदा बसून युनिकोडमध्ये टाइप कर. मुक्ता, बालू असे 'एक टाइप'वाल्यांचे चांगले फॉन्ट फुकट आहेत. माझ्या काळी असतं तर मीही गिरवले असते. नाही, खोटं बोललो. नसते गिरवले.

भाषेचंही बघ. २०२२ च्या दुरुस्तीनंतर राज्यात लहानातल्या लहान दुकानालाही मराठी पाटी सक्तीची झाली, आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाही. वेबसाइटला तो कायदा नाही, पण गिऱ्हाईक तेच आहे. 'सबमिट', 'एन्क्वायरी' कशाला? 'भाव विचारा', 'रोपं सांगून ठेवा' असं लिही. बटणावर लिहिलंय ते आणि दाबल्यावर होतं ते एकच असावं.

नावाचा घोळ तुला सुचला नसेल. जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, तू सगळीकडे तेवढंच लिहिलंस. बरोबर आहे. पण पुण्यातला माणूस अजून 'अहमदनगर नर्सरी' शोधतो आणि पारनेरचा तर नुसतं 'नगर' म्हणतो. दुकानानं जागा बदलली की मी बोर्डाच्या खाली बारीक अक्षरात जुना पत्ता वर्षभर ठेवायचो. तसं पत्त्यात एकदा तरी 'अहिल्यानगर (अहमदनगर)' येऊ दे. नकाशाची खूण मात्र स्वतः जागेवर उभं राहून टाक. नुसतं 'नगर-मनमाड रोड' म्हणजे पत्ता नव्हे. कुठल्या फाट्याला वळायचं, डाव्या हाताला काय दिसतं, ते लिही.

बाकीचं भराभर. शनिशिंगणापुरात घरांना दारं नसतात म्हणून लांबून माणसं बघायला येतात, आणि तुझ्या वेबसाइटला आत शिरायच्या आधी तीन दारं: सूचना पाठवू का, ईमेल द्या, आमचं ॲप घ्या. तिन्ही काढ. फोटो मोबाइलमधून काढले तसेच चढवू नको. सावेडीत पटकन उघडतात, पण अकोले तालुक्याच्या डोंगरात रेंजची एकच काडी असते आणि डाळिंबवाला तिथूनही बघत असेल. पान उघडताच वाजणारी ती बासरी बंद कर. फॉर्ममध्ये नाव, मोबाइल, गाव, किती रोपं, बस. ईमेलला तारा मारून सक्ती केलीस, त्या पाहुण्यांनी तिथं काय लिहावं? आणि मोबाइल नंबरच्या चौकटीत बोट ठेवलं की आकड्यांचाच कीबोर्ड वर येऊ दे.

शेवटचं, माझ्या चुकीचं. केडगावात एका भिंतीवर मी सहाऐवजी आठ काढला होता, नंबरमध्ये. भिंत सुंदर झाली होती, शेडिंगसकट. सात महिने त्या गिऱ्हाइकाचे फोन कुणा भलत्याच बाईला जात होते आणि मालकाला वाटत होतं की धंदाच बसला. तेव्हापासून नंबर रंगवला की शिडीवरून उतरून मी समोरच्या पीसीओतून तो लावायचो, एक रुपया माझ्या खिशातला.

काल रात्री तुझ्या वेबसाइटवरचाही लावला. तिसऱ्या रिंगला मालकाच्या पोरानं उचलला. चांगलं बोलला. म्हणाला, "काका, पुढच्या वेळी दुसऱ्या नंबरवर करा, हे सिम आम्ही एक तारखेला बंद करतोय." नवा नंबर लिहून घेतलाय, कॅलेंडरच्या मागे आहे. आज सव्वीस तारीख.