टायरची हवा आणि तिचा गेज



हंगाम तोंडावर आला की ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या डागडुजीची घाई सुरू होते. हूक, पाटे, बेअरिंग, मागचे रिफ्लेक्टर सगळे नीट पाहिले जाते. टायरची हवा मात्र अजूनही आपण लाथ मारून किंवा टॉमी आपटून बघतो. आवाज टणक आला की हवा बरोबर! कारखान्याच्या वजनकाट्याविषयी वार्षिक सभेत हटकून प्रश्न विचारणारे आपण, टायरच्या काट्याला मात्र कधी काही विचारत नाही.

हवेचा हिशेब दोन्हीकडून नडतो. भरल्या ट्रॉलीच्या टायरात हवा कमी असली तर टायरच्या कडा सारख्या दबतात, तापतात आणि भर रस्त्यात टायर फुटतो. उलट ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात हवा जास्त असली तर तोटा शेतात होतो. चाकाचा जमिनीवर पडणारा दाब आतल्या हवेच्या दाबाइतकाच, किंबहुना थोडा जास्त असतो. बारा पौंडांच्या जागी वीस पौंड हवा घेऊन ओल्या फडात ट्रॅक्टर फिरला, की सरी घट्ट होते, पाणी तुंबते आणि खोडव्याची फूट मार खाते. शिवाय चाक घसरून डिझेल जाते ते वेगळे.

आता गेज घ्यायचा कसा? पहिली गोष्ट, एकच गेज सगळ्या टायरांना चालत नाही. मागच्या टायरला शेतकामात बहुधा १२ ते १६ पौंड हवा लागते, पुढच्याला त्याच्या साधारण दुप्पट आणि ट्रॉलीला त्याहून कितीतरी जास्त. नेमका आकडा ट्रॅक्टरच्या पुस्तकात आणि टायरवर पाहावा. गेजची चूक सहसा त्याच्या पूर्ण मापाच्या टक्केवारीत सांगतात. १६० पौंडांच्या गेजवर दोन टक्के म्हणजे ३.२ पौंड. ८० पौंडांच्या ट्रॉलीला हे चालून जाईल. पण मागच्या टायरला तोच गेज १२ दाखवत असेल, तर खरी हवा ९ असेल किंवा १५ असेल! तेथे ३० पौंडांचा गेज घ्या, चूक अर्ध्या पौंडाच्या थोडी पुढे राहील. तेव्हा ज्या टायरसाठी गेज घ्यायचा त्याच्या हवेच्या दुप्पट माप असलेला गेज घ्यावा, म्हणजे काटा मधोमध चालतो. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवरच्या गेजवर किती भिस्त ठेवायची ते यावरून समजावे.

प्रकार तीन. पेन्सिलीसारखा गेज स्वस्त आणि खिशात मावणारा, पण धूळ गेली की आतली पट्टी अडकते. आकड्यांचा डिजिटल गेज वाचायला सोपा, मात्र आकडा दशांशात दिसला म्हणून तो तितका अचूक असतो असे नव्हे. सेल उतरला की फडात उपयोग नाही. आमची पसंती तबकडीच्या गेजला. रबरी वेष्टण, छोटी नळी आणि हवा सोडायचे बटण असलेला पाहावा. त्यात वाकवलेली पितळी नळी असते, हवेने ती किंचित सरळ होते आणि काटा फिरतो. फ्रान्सच्या बूर्दाँ यांनी १८४९ साली ही रचना काढली. कारखान्याच्या बॉयलरवरचे दाबमापकही त्याच जातीचे. असा गेज आपटला की नळी वाकते आणि मग काटा खोटे बोलतो. काही तबकड्यांवर शून्यापाशी खिळा असतो, काटा त्यावर टेकून राहतो आणि बिघाड झाकला जातो. म्हणून खिळा नसलेली तबकडी उत्तम.

दुकानातच एक परीक्षा करा. एकाच टायरवर लागोपाठ तीनदा गेज लावा. आकडा दरवेळी निराळा आला तर तो परत द्या. नेहमी दोन पौंड कमीच दाखवणारा गेज एकवेळ चालेल, त्यावर रंगाने तसे लिहून ठेवता येते. पण आज एक अन् उद्या एक सांगणाऱ्याचे काय करणार? तबकडीवर पौंड आणि किलो दोन्ही असतील तर गल्लत करू नका. एक किलो म्हणजे १४.२ पौंड.

हवा सकाळी, गाडी निघण्याआधी मोजावी. रस्त्यावर तापलेल्या टायरात आकडा वाढलेला दिसतो, म्हणून हवा सोडू नये. गार झाल्यावर ती कमी पडते. वजनासाठी मागच्या टायरात पाणी भरलेले असेल तर व्हॉल्व्ह वर आणून मगच गेज लावा, नाहीतर पाणी गेजमध्ये शिरून तो गंजतो. व्हॉल्व्हची टोपी हरवली असेल तर आधी ती आणा.

ज्यांच्याकडे जुना गेज आहे त्यांनी तो कापडी पिशवीत घालून, नाव-गटाची चिठ्ठी लावून इन्स्ट्रुमेंट विभागात आणून द्यावा. तेथे बॉयलरचे दाबमापक तपासतात, त्याच साधनावर आपलाही तपासून मिळेल. मात्र बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आधी आणा, नंतर त्या मंडळींना मान वर करायला सवड नसते.

— ऊस विकास अधिकारी