टाचदुखी : मोठ्या ऑपरेशनच्या आधी



ऊस विकास विभागाच्या या पानावर आम्ही एरवी बेणे, खत, पाणी यांवर लिहितो. या वेळी टाचेवर लिहीत आहोत, त्याला कारण घडले. आडसालीच्या नोंदी घेताना उजनीकडच्या एका सभासदांच्या वस्तीवर गेलो होतो. वय पन्नाशीचे, कामाला कधी न हटणारे. पण खाटेवरून उठून पहिली चार पावले टाकताना भिंत धरीत होते. एक्स-रेत 'हाड वाढलंय' असे निघाले होते आणि ते काढून घ्यायला पैसा हवा म्हणून म्हैस विकायचे घरात घाटत होते. आम्ही म्हणालो, "मामा, म्हैस राहू द्या. आधी लातूरला नीट दाखवू."

हे दुखणे आपल्याकडे घरोघर आहे. रात्रीच्या लाइटीला बांधावर उभे राहून पाणी द्यायचे, झिजून पापड झालेली रबरी चप्पल, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे, कारखान्यात आख्खी पाळी फरशीवर उभे राहायचे. टाच बोलणारच.

तळपायात टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत धनुष्याच्या दोरीसारखा एक चिवट पट्टा असतो. डॉक्टर त्याला प्लांटर फॅसिया म्हणतात. टाचेला तो जिथे चिकटलेला असतो तिथे रोजच्या ताणाने झिजतो, जाड होतो. रात्री आखडतो आणि सकाळी पहिल्याच पावलाला एकदम ताणला जातो, म्हणून उठल्या उठल्या कळ जास्त. एक्स-रेतला काटा बहुधा निर्दोष असतो. दहांत एकाच्या टाचेला असा काटा सापडतो, आणि काटा असलेल्या वीसजणांत एखाद्याचीच टाच दुखते. काटा दिसला म्हणून काढायला धावू नये.

दहांतल्या नऊजणांना वर्षाच्या आत साध्या उपायांनीच उतार पडतो. पाय जमिनीला टेकवण्याआधी दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यावा, हाताने बोटे नडगीकडे ओढावीत, दहा अंक मोजून सोडावीत. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. भिंतीला हात टेकून पोटरी ताणावी. मऊ, जाड टाचेची चप्पल घरातही घालावी. फुकटचा उपाय म्हणून माणसे याला हसतात. दोन महिने नेमाने करणारे थोडेच भेटतात.

आता सुईचे. मोटारसायकलवर आणि पायी गट फिरून आमचीही टाच धरली होती. एका ठिकाणी आम्ही थोड्या थोड्या दिवसांनी तीन इंजेक्शने घेतली. दरवेळी महिनाभर बरे, मग पुन्हा तेच. ते स्टेरॉइड होते हे आम्ही विचारलेसुद्धा नाही, ही चूक आमची. स्टेरॉइडने कळ लवकर थांबते, पण आराम थोड्या दिवसांचा. वारंवार घेतले तर पट्टा तुटण्याची आणि टाचेखालची चरबीची गादी विरण्याची भीती असते. मधुमेह असेल तर साखरही चढते. सुई टोचण्याआधी औषधाचे नाव विचारावे.

सहा महिने व्यायाम करूनही हटले नाही तर मग शॉक-वेव्ह. नावात शॉक असला तरी विजेचा झटका नव्हे. यंत्रातून टाचेवर दाबाच्या लहरी सोडतात. आठवड्याला एक अशा तीन ते पाच बैठका. चिरफाड नाही, त्याच दिवशी घरी. अमेरिकेत या उपचाराला 2000 साली मान्यता मिळाली. दुसरा प्रकार पीआरपी : आपलेच रक्त काढून यंत्रात फिरवतात, त्यातला बिंबाणूंचा दाट भाग दुखऱ्या जागी टोचतात. गुण सावकाश येतो, पण काही अभ्यासांत सहा महिन्यांनी तो स्टेरॉइडपेक्षा सरस ठरला आहे. सगळ्यांना येतोच असे नाही.

एवढ्यानेही भागले नाही तर दुर्बिणीचे ऑपरेशन. लहानशा छेदातून पट्ट्याचा आतल्या बाजूचा काही भागच सोडवतात, अर्ध्याहून जास्त नाही. जास्त कापला तर पायाची कमान बसते. याची पाळी फार थोड्यांवर येते.

बिब्बा घालणे, रुईचे पान ठेवून तापल्या विटेवर टाच शेकणे हे आपल्याकडे चालते. बिब्ब्याने फोड येतात. मधुमेही सभासदांनी तर दोन्ही करूच नये. पायाला बधिरपणा असतो, भाजले तरी कळत नाही आणि जखम चिघळते. टाच सुजली, ताप आला, पायाला मुंग्या येतात किंवा उंचावरून उडी मारल्यावर दुखणे सुरू झाले, तर व्यायामात वेळ न घालवता डॉक्टर गाठावा.

लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेच्या रुग्णालयात अस्थिरोग विभाग आहे. जाताना जुना एक्स-रे, साखरेचा रिपोर्ट आणि आधी घेतलेल्या इंजेक्शनांची चिठ्ठी न्यावी.

मामांना तिथे व्यायाम आणि चप्पल सांगितली. चार महिने झाले. पहिली पावले अजून जरा जपून टाकतात, पण भिंत धरीत नाहीत. म्हैस दावणीला आहे.